एक्केचाळीस ट्रक

खोक्यावर खूण करायला थोरलीने खडूचा हात उचलला आणि तो तसाच राहिला. खोक्यावर खूण आधीच होती. निळ्या खडूची, जराशी पुसट, शेपटी उगाच वर ओढलेली. अशी शेपटी साऱ्या गोदामात एकटी तीच ओढत असे.

या तिमाहीत तिच्या हातात पिवळा खडू होता. गोदामात बावीस वर्षे काढताना तिने स्वतःपुरती एक शिस्त लावून घेतली होती. दर तीन महिन्यांनी खडूचा रंग बदलायचा, म्हणजे कोणता माल कधी बाहेर पडला ते लांबूनही कळते. निळा रंग मागच्या तिमाहीचा. म्हणजे हे खोके तिने तीन महिन्यांपूर्वी मोजून, खूण करून, गेटपासवर सही करून बाहेर पाठवले होते. त्यातला पाण्याचा पंप एव्हाना कुणाच्या तरी विहिरीवर नाहीतर गच्चीवर बसून पाणी ओढत असायला हवा होता.

तिने शेजारचे खोके वळवून पाहिले. निळी खूण. त्यामागच्यावरही निळीच. चौदा खोकी पाहून झाल्यावर तिने बघणे सोडले आणि ट्रकवाल्याला गाठले.

ट्रकवाला भला माणूस होता. त्याला यात लपवण्यासारखे काही वाटतच नव्हते. माल बायपासच्या हॉटेलमागे जातो, तिथल्या मोकळ्या जागेत ट्रक दहा-पंधरा दिवस ताडपत्री टाकून उभे राहतात, आणि मग सुट्टीच्या दिवशी मागच्या गेटने माल परत आत येतो, असे त्याने सांगून टाकले. वर म्हणाला, असं भाडं देव सगळ्यांना देवो, डिझेलसुद्धा लागत नाही. तो हसला. थोरलीला हसू आले नाही.

ती तडक सेल्सच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला बसायला सांगितले, पाणी मागवले, आणि ती जे सांगत होती ते लहान मुलाची तक्रार ऐकावी तसे मान डोलवत ऐकून घेतले. तिमाहीचा शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळपर्यंत अजून बारा ट्रक निघायचे होते.

"बाई, तुमचा संबंध गेटपर्यंत," साहेब म्हणाले. "माल गेटबाहेर गेला की नाही?"

"गेला."

"मग गेला अशी सही करायची. पुढचं बघायला आम्ही आहोत."

कुंपणच शेत खात असल्यावर दाद मागायची कोणाकडे? तिच्या नोकरीची सात वर्षे उरली होती. घरी आईचा खुबा झिजून गेला होता आणि डॉक्टरांनी तो बदलायला सांगितला होता. थोरली जागेवर परत आली आणि तिने निळ्या खुणेशेजारी पिवळी खूण केली. प्रत्येक गेटपासवर सही करताना ती मनातल्या मनात साहेबांना शिव्या घालत होती. बाराव्या सहीपर्यंत त्या शिव्यांतल्या निम्म्या तिने स्वतःला घातल्या.

*

त्या तिमाहीचा निकाल जाहीर व्हायला चार दिवस उरले असताना धाकट्याने जेवताना बातमी फोडली. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, छापखान्यात सकाळपाळीला होता. दोघांचीही लग्ने राहून गेलेली, आणि आई धरून तिघांचेच घर.

"ताई, तुझ्या कंपनीने आपल्याला बसल्या जागी पैसे दिले," तो म्हणाला.

त्याने कंपनीच्या शेअरवर पुट विकले होते. ते काय असते ते त्याने चमचा, वाटी, मीठदाणी मांडून समजावले. शेअर विकलेला नाही, विकला आहे तो शब्द. भाव कितीही पडला तरी अमुक किमतीला मी घेईन, हा शब्द. ज्यांना भाव पडायची धास्ती असते ते या शब्दाचे पैसे आधीच मोजतात. मुदतीपर्यंत भाव पडला नाही, तर शब्द संपला आणि पैसे आपले. निकालाच्या तोंडावर लोक जास्त घाबरतात, म्हणून तेव्हा पैसेही जास्त मिळतात.

"आणि पडला तर?" थोरलीने विचारले.

"तर ठरल्या भावाने घ्यायचे. त्यासाठी रोकड बाजूला ठेवलीच आहे की. उधारीचा धंदा नाही आपला."

कोणती रोकड, हे तिला विचारावे लागले नाही. घरात रोकड एकच होती. वडिलांचे कुलूप-किल्ल्यांचे दुकान विकून आलेली, आईच्या खुब्यासाठी राखलेली. ती धाकट्याच्या खात्यात होती आणि त्यातली निम्मी त्याने या शब्दामागे अडकवली होती. त्याचे म्हणणे, पैसे हललेले नाहीत, तिथेच आहेत, नुसते पडून राहण्याचे भाडे मिळते आहे. थोरलीला ते भाडे भलतेच ओळखीचे वाटले. हॉटेलमागचे ट्रकही नुसते उभे राहण्याचेच भाडे खात होते.

"माझीच कंपनी का?"

धाकटा या प्रश्नाची वाटच बघत होता. लोक पेपर वाचून पैसे लावतात, तो म्हणाला, मी डोळ्यांनी बघून लावतो. रोज तो तिला स्कूटरवर घ्यायला येई आणि गेटसमोरच्या दुकानात चहा पीत थांबे. तिमाहीच्या शेवटच्या तीन दिवसांत तो पाळी सुटल्या सुटल्या येऊन तिथे बसला होता आणि चहाच्या पाच-सहा कपांवर त्याने बाहेर पडणारे ट्रक मोजले होते.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "एक्केचाळीस ट्रक, ताई. गेल्या वर्षी याच तीन दिवसांत पंचवीस होते. माल असा उठत असेल तर निकाल वाईट लागेल कसा?"

एक्केचाळीस सह्या तिच्याच होत्या. भावाने तिच्या गेटसमोर बसून तिचेच खोटे मोजले होते, आणि त्यावर आईचा खुबा लावला होता. तिने हातातला घास खाली ठेवला आणि निळी खूण, हॉटेलमागची जागा, मागचे गेट, साहेब, सगळे त्याला सांगून टाकले. सांगून झाल्यावर म्हणाली, आत्ताच्या आत्ता त्या शब्दातून मोकळा हो.

धाकट्याने सांगितले की सोडवून घ्यायचे तर आता मिळाले त्याच्या दुप्पट द्यावे लागतील. मग तो मान खाली घालून भात कालवत बसला. त्याला लाज वाटली असावी, असे वाटून थोरलीचा राग जरा उतरू लागला होता.

"पण कागदावर तर विकले गेले ना?" त्याने विचारले.

"गेले."

"मग झालं तर. निकाल कागदावरूनच लागतो."

थोरली ताटावरून उठली. भांडी घासताना तिने पातेले असे आपटले की आतल्या खोलीतून आईने काय पडले म्हणून विचारले. काही नाही, म्हणाली. तिला सर्वांत जास्त संताप याचा आला होता की धाकट्याने बोलून दाखवलेले वाक्य तिने सह्या करताना स्वतःलाही ऐकवले होते.

*

निकाल लागला तो दृष्ट लागण्यासारखा. विक्रमी विक्री. ऑफिसात मोठा केक कापला गेला, साहेबांनी भाषण केले, त्यात गोदामाच्या कार्यक्षमतेचा दोनदा उल्लेख आला. सगळ्यांना पाकिटे मिळाली. थोरलीलाही मिळाले, आणि तिने ते घेतले. भाव वर गेला, त्याच आठवड्यात धाकट्याचा शब्द मुदत भरून संपला, आणि मिळालेल्या पैशांतून त्याने आईसाठी एक खुर्ची आणली. भक्कम हातांची, बटण दाबले की बैठक वर उचलणारी, म्हणजे दुखऱ्या खुब्यावर जोर न देता उठता येई. आई दोन दिवस ते बटण दाबून खाली-वर होत राहिली. तिला इतके खूश थोरलीने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. अशा वेळी बोलायचे काय? तिने डोळ्यांवर कातडे ओढून घेतले.

पुढे दीड महिना बरा गेला. ऑपरेशनची तारीखही ठरली, पुढच्या निकालानंतरच्या आठवड्यातली. ती तारीख त्या आठवड्यातच का घेतली, हे थोरलीने विचारले तेव्हा धाकटा इकडेतिकडे बघू लागला. मग कबूल झाला. पुन्हा विकले होते. या वेळी आधीच, पुढच्या निकालानंतर संपणाऱ्या मुदतीचे, आणि निम्म्या नव्हे तर सगळ्या रकमेवर. बाजारात कंपनीबद्दल कुजबुज होती, म्हणून पैसेही भरपूर मिळाले होते.

"तुला सगळं माहीत असून?" ती म्हणाली.

"माहीत आहे म्हणूनच. ते ट्रक बाहेर काढणार, निकाल चांगला लागणार. यात माझं काय चुकलं?"

"खोट्यावर पैसे लावतोस आणि वर विचारतोस काय चुकलं?"

"मी नुसते मोजतो, ताई. सही तू करतेस."

ते तिला तोंडात मारल्यासारखे लागले. मग तिचा आवाज चढला. मी सही करते ती नोकरी टिकावी म्हणून, आईच्या आजारपणात घर चालावे म्हणून. धाकट्याचाही चढला. मग मी काय चैन करायला लावतो का, मीही आईसाठीच करतो आहे. ऑपरेशननंतर बाई ठेवावी लागेल, व्यायाम शिकवणारा यावा लागेल, ते कुठून येणार आहे? दोघे भांडत होते ते स्वयंपाकघरात, पण घर ते केवढे. आतल्या खोलीतून आईने हाक मारली, आणि ती नेहमीची हाक नव्हती.

आई खुर्चीत ताठ बसली होती.

"माझ्या खुब्याचं नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "एक सही करते ती माझ्यासाठी. एक पैसे लावतो तो माझ्यासाठी. मी सांगितलं होतं तुम्हाला?"

थोरली ओले हात पदराला पुसू लागली.

"तुमचा बाप कुलूप बघितल्याशिवाय किल्ली करून द्यायचा नाही. गिऱ्हाईक शिव्या देत जायचं, पण द्यायचा नाही. त्याचे पैसे आहेत ते. त्याने होत असेल तर करा ऑपरेशन, नाहीतर मी लंगडी बरी. आणि मला आधी या खुर्चीतून उठवा."

धाकटा बटण दाबायला वाकला, तर तिने त्याचा हात झटकला. शेवटी दोघांनी दोन्हीकडून काखेत हात घालून तिला उचलले आणि जुन्या पलंगावर नेऊन बसवले. तेवढ्या चार पावलांत तिच्या खुब्यातून दोनदा कळ निघाली. त्यानंतर खुर्ची भिंतीशीच राहिली. तिच्यावर घड्या घातलेले कपडे साठू लागले.

*

तिमाहीचा शेवटचा दिवस उजाडला. या वेळी साहेबांनी शहाणपणा करून सगळे एकाच दिवसावर ठेवले होते. अकरा ट्रक सकाळपासून भरून उभे होते आणि प्रत्येकात तिच्या मागच्या तिमाहीतल्या पिवळ्या खुणांची खोकी होती. निळ्या-पिवळ्या अशा दोन्ही खुणा असलेलीही बरीच होती. कारखान्यातल्या कुणाही माणसाला त्या दिसत होत्या, पण दिसते म्हणून बघायचे असते थोडेच.

थोरलीने गेटपासचे पुस्तक टेबलाच्या खणात घातले, खणाला कुलूप लावले आणि किल्ली पदराला बांधली. जेवणाच्या सुट्टीनंतरही ट्रक हलेनात तेव्हा साहेब स्वतः खाली आले.

तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "हा माल विकलेला नाही, हॉटेलमागे ठेवायला नेतोय, एवढं लेखी द्या. लगेच सही करते."

साहेबांनी आधी समजावले, मग झापले. नोकरीवरून काढीन म्हणाले. तेही लेखी द्या, ती म्हणाली, कारण घालून द्या. साहेबांचा चेहरा लाल झाला. बावीस वर्षे ज्या बाईला त्यांनी गोदामातल्या वजनकाट्यासारखे धरले होते, ती उलट बोलते हेच त्यांना पचत नव्हते. मी फोन करून येतो, म्हणून ते जिना चढून गेले.

ते परत येईपर्यंत किती वेळ आहे हे तिला माहीत नव्हते. ट्रक भरलेले राहिले, तर संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या सहीने निघतील. पण खोकी जमिनीवर उतरली आणि आजच्या तारखेला साठ्याच्या वहीत चढली, की मग ती विकली असे कुणाच्या बापाला म्हणता येणार नव्हते. तिने हमालांना माल उतरवायला सांगितले. सकाळपासून घाम गाळून भरलेला माल! दोघे कुरकुरत तयार झाले, बाकीचे साहेबांना भिऊन पाणी प्यायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. तेव्हा पदर खोचून तिने स्वतः खोक्याला हात घातला.

तिला सगळे कळत होते. विक्री एवढी घसरलेली दिसली, की भाव कोसळणार. तिसऱ्या हिश्शाने जरी पडला, तरी धाकट्याला ठरल्या चढ्या भावाने सगळे शेअर घ्यावे लागणार, दुकानाचे पैसे त्या मातीमोल कागदांत अडकणार, आणि ठरलेल्या तारखेला आई पलंगावरच असणार. ते ती स्वतःच्या हातांनी करत होती.

धाकटा तीन वाजून गेल्यावर आत आला. गेटवाला त्याला ओळखत होता, त्याने सोडले. दोन तास समोर बसून एकही ट्रक बाहेर पडलेला त्याने पाहिला नव्हता, आणि उतरणारी खोकी बघितल्यावर त्याला काही विचारावे लागले नाही. त्याने खिशातून फोन काढला.

"तीन वाजून सात मिनिटं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "साडेतीनला बाजार बंद होतो. अजून बाहेर कुणाला काही माहीत नाही. आत्ता सोडवून घेतलं तर थोडक्यात सुटतो आपण. आईचे पैसे सुटतात."

"आणि तो शब्द मग कोणाच्या गळ्यात?"

"असेल कुणीतरी. तिथे नाव दिसत नाही."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. घे सोडवून, असे ती म्हणाली नाही. नको, असेही म्हणाली नाही. तेवढे बोलण्याचा तिला हक्क उरला आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती. ती वळली आणि पुढच्या खोक्याचे एक टोक धरून ओढू लागली.

मग धाकट्याने तोंड सोडले. बावीस वर्षं झोपली होतीस का? आजच बरा साक्षात्कार झाला. नोकरी घालवून बसलीस, पैसे घालवलेस, आता आईला तोंड काय दाखवणार? मला सकाळी सांगायला काय झालं होतं? ज्यांनी हे सगळं केलं ते वर गारव्यात बसलेत आणि तू इथे खोकी ओढतेस, अक्कल आहे का? हमाल ऐकत होते. तो म्हणत होता त्यातले खोटे काहीच नव्हते. त्याच्या हातातला फोन दोनदा उजळला आणि दोनदा विझला.

बोलता बोलता त्याने तो फोन मोजणीच्या टेबलावर पालथा ठेवला. बाह्या वर सारल्या आणि खोक्याचे दुसरे टोक धरले.

"खालून धर," तो खेकसला. "बोटं जातील."

साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा फोन तसाच पालथा पडून होता, आणि पहिला ट्रक निम्मासुद्धा रिकामा झाला नव्हता.